पिल्लं खाणारी मादी, चावणारी मादी आणि पाण्याची बाटली

पत्र: ‘माझ्याकडे दोन बॉल पायथन आणि एक कॉर्न स्नेक असे तीन साप आहेत. त्यांच्या खाद्यासाठी गेले सहा महिने घरीच रॅट वाढवतोय. एक नर, चार माद्या, दोन मोठे टब. नर दोन्ही टबांत आलटून पालटून असतो. खायला धान्य आणि घरातलं उरलंसुरलं. चारही माद्यांनी आता वीट आणलाय. काळडोकी अडीच महिन्यांची असताना नराबरोबर ठेवली. पहिल्याच वेताला ११ पिल्लं झाली. सकाळी ७ उरली, संध्याकाळी एकही नाही. दर तासाला टॉर्च मारून बघत होतो, तरी वाचवता आली नाहीत. पांढरी पिल्लं तोंडात धरून टबभर फिरते, कुठेही टाकते. शिवाय अधूनमधून शिंकते. बदामीनं १३ पिल्लं नीट वाढवली, पण टबात हात घातला की कडकडून चावते. राखाडी चोर आहे, दुसरीची पिल्लं पळवून आपल्या घरट्यात नेते. कोणाला ठेवू, कोणाला काढू? काळडोकीला दुसरी संधी द्यावी का? पुढे तिच्या मुली ठेवल्या तर त्याही तशाच निघतील का? आणि जिला काढायचं तिला सापालाच घातलं तर चालेल का? – वैतागलेला’

तुमच्या चार माद्यांपैकी एक उत्तम आई आहे, एक उपयोगी आहे, एक घाबरलेली आहे आणि एकीबद्दल अजून काहीच सांगता येत नाही. वाईट म्हणावी अशी मला तरी पत्रात दिसली नाही.

सगळ्यात मोठा राग काळडोकीवर आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. ११ ची ७ झाली आणि ७ ची शून्य झाली, या दोन वेगळ्या घटना आहेत. मादी व्याते तेव्हा वार खाते, नाळ तोडते, एकेक पिल्लू चाटून कोरडं करते. त्यात एखादं मेलेलं असेल, गार पडलं असेल, चाटूनही हलत नसेल, तर तेही त्याच ओघात खाल्लं जातं. मेलेलं पिल्लू घरट्यात ठेवून तिला काय करायचंय? पहिलटकरणीच्या वेतात दोन-चार पिल्लं अशी जाणं काही जगावेगळं नाही. सकाळी दिसलेली ७ जिवंत असतील, तर विचार करायचा तो त्यांचा. दिवसभरात त्या टबात काय घडलं?

इथे माझीच एक गोष्ट सांगते. माझ्याकडे एक तपकिरी मादी होती. लागोपाठ दोन वेतं तिनं संपवली. मी तिच्या कार्डावर लाल पेनानं ‘खाते’ असं लिहून मोकळी झाले. तिसऱ्यांदा गाभण राहिली तेव्हा तिचा टब धुवायला घेतला, सहज बाटलीच्या नळीला बोट लावलं, तर बोट कोरडं. आतली गोळी पाण्याच्या क्षारांनी धरली होती. थेंब यायचा, पण एक थेंब यायला तिला किती चाटावं लागत असेल देव जाणे. बाटली कायम भरलेली दिसायची, म्हणून मला संशय आला नाही. खरं तर ती कायम भरलेली दिसत होती, हीच खूण होती. दुभत्या मादीची बाटली झरझर उतरायला हवी. बाटली बदलली आणि त्याच मादीनं पुढची तीन वेतं सरळ वाढवली. कार्डावरचं लाल अक्षर मी खोडलं, पण पहिली दोन वेतं गेली ती गेलीच.

तेव्हा आज पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम: प्रत्येक बाटलीच्या नळीला बोट लावा. बोट ओलं व्हायला हवं आणि बाटलीत बुडबुडा वर जाताना दिसायला हवा. दुभत्या मादीच्या टबाला दोन बाटल्या लावा, म्हणजे एक अडली तरी दुसरी असते. पाणी तुटलं की दूध आटतं. दूध आटलं की पिल्लं गार पडतात. गार पडलेल्या पिल्लाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

दुसरं म्हणजे तिचं वय. रॅटची मादी पाच-सहा आठवड्यांतच माजावर येऊ शकते, पण फळता येणं वेगळं आणि वेत निभावणं वेगळं. काळडोकी अडीच महिन्यांची असताना नराकडे गेली. गर्भ २१ ते २३ दिवसांचा. म्हणजे स्वतःचं अंग भरत असतानाच तिनं ११ पिल्लं पोसली, आणि तीही धान्यावर. चार महिने वय आणि साधारण २५० ग्रॅम वजन झाल्याशिवाय मी मादी नराला दाखवत नाही. नुसत्या धान्यानं गाभण मादीचं भागत नाही. उंदरांसाठीच्या तयार पेलेटमध्ये, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्यांमध्ये, १८ ते २२ टक्के प्रथिनं असतात, तो मुख्य आहार ठेवा. गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यापासून अधूनमधून उकडलेलं अंडं द्या. पिल्लं बारा-पंधरा दिवसांची होतात तेव्हा दुधाचा सगळ्यात मोठा ताण असतो. तेव्हा मादी एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाते. मोजून वाढू नका, भांडं भरलेलं ठेवा.

तिसरा नर. तुम्ही लिहिलं नाहीये, पण ‘आलटून पालटून’ वरून मी समजते की ती व्यायली तेव्हा तो टबातच असावा. मादी व्यायल्यावर २४ तासांच्या आत पुन्हा माजावर येते. नर रात्रभर तिच्या मागे धावतो, आणि ही धावाधाव घरट्यावरून होते. नर पिल्लं मारतो असं नाही, बरेचसे नर अगदी सज्जन असतात. पण ती मादी पिल्लांवर बसू शकत नाही, आणि लगेच पुन्हा गाभण राहते. पाजत असताना राहिलेला गर्भ काही दिवस रुजायचा थांबतो, म्हणून पुढचं वेत २३ दिवसांऐवजी महिन्याभरानंसुद्धा येऊ शकतं. ‘ही कधी फळली तेच कळत नाही’ असं तुम्हाला एव्हाना वाटलं असेल, तर कारण हे.

आणि चौथे तुम्ही. रागावू नका. दर तासाला टॉर्च! मादीच्या नजरेतून बघा: घरट्याचं छप्पर उघडतं, वरून उजेडाचा झोत येतो, अनोळखी वासाचा मोठा हात फिरतो, जातो, आणि तासाभरात पुन्हा येतो. आपण सापडलोय, इथे पिल्लं वाचणार नाहीत, असं तिनं ठरवलं तर तिचं काय चुकलं? या चारांपैकी नक्की कोणी घात केला ते आता कळायचं नाही. पण चारही दुरुस्त करण्यासारखे आहेत, आणि त्यातल्या एकाचाही दोष तिच्याकडे जात नाही. म्हणून हो, दुसरी संधी द्या. एक महिना नराशिवाय ठेवा, अंगावर धरू द्या, मग.

पुढच्या वेळी असं करा. नराबरोबर ठेवल्यापासून दोन आठवड्यांत पोट कुशीकडून फुगलेलं दिसू लागतं. तेव्हाच तिला वेगळा टब द्या. व्यायच्या आदल्या दिवशी हलवू नका, निदान चार दिवस आधी तरी. कोपऱ्यात एक खोका उपडा घालून त्याला दार कापा आणि कागदाच्या पट्ट्या भरपूर द्या. घरटं तिचं तिला बांधू द्या, तुम्ही बांधून दिलेलं ती मोडते आणि पुन्हा बांधते. देवदार किंवा पाइनचा सुवासिक भुसा नको, त्याची वाफ त्यांच्या फुफ्फुसाला त्रास देते. व्यायल्यावर पहिले २४ तास फक्त पाणी आणि खाणं बघायचं, झाकण लावायचं, निघायचं.

दुसऱ्या दिवसापासून दिवसातून एकदा पाहणी पुरते. अंड्याचा तुकडा दाखवून मादीला बाहेर घ्या, हात तिच्याच टबातल्या भुशात चोळा आणि मग घरटं उघडा. पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटातलं दूध बाहेरून दिसतं: डाव्या कुशीला पांढरा पट्टा, जणू आत खडूचा तुकडा ठेवलाय. ज्याला पट्टा आहे त्याचं बरं चाललंय. मोजा, मेलेलं असेल ते काढा, झाका. सगळं मिळून दोन मिनिटं. केस आले की, म्हणजे आठवड्याभरात, हा पट्टा दिसेनासा होतो. तोवर तुमची काळजीही संपलेली असते. टब पूर्ण धुणं पहिल्या आठवड्यात नकोच, ओला कोपरा तेवढा बदला.

आता पांढरी. तोंडात पिल्लू धरून फिरणारी मादी पिल्लू टाकून द्यायला जागा शोधत नसते, लपवायला शोधत असते. तिला ती सापडत नाही, एवढंच. पांढऱ्या रॅटचे लाल डोळे प्रखर उजेडाला फार नाजूक असतात. तिचा टब दिव्याखाली असेल तर हलवा, आणि अर्धा तरी झाकून टाका. आवाजाचंही बघा. रॅट आपल्या कानाच्या खूप पलीकडचं ऐकतात. आपली मर्यादा २० किलोहर्ट्‌झ, तर गारठलेलं पिल्लू आईला हाक मारतं ती साधारण ४० किलोहर्ट्‌झला. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत ती आई दहा ठिकाणाहून हाका ऐकत असते. त्यात एखादा चार्जर किंवा मोटर त्याच पट्टीत किणकिणत असेल तर तिचं डोकं फिरणारच. यंत्रापासून लांब ठेवून बघा.

पिल्लं विखुरलेली दिसली तर ती उचलून, हाताच्या उबेत गरम करून घरट्यात ठेवायची. गार पिल्लू आईसमोर ठेवू नका. पहिल्या दिवसांत त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही. आणि एकदा तिचे सड बघा. रॅटला सहा जोड्या, म्हणजे १२ सड असतात. एखादा गरम, टणक, लाल असेल तर ती दुखण्यानं पाजायची टाळतेय, आणि ते पशुवैद्याचं काम आहे.

तिची शिंक मला पिल्लांच्या फिरवाफिरवीपेक्षा जास्त खटकली. टबाचं झाकण काढून नाक त्यांच्या उंचीला न्या. डोळ्यांना झोंबलं, तर ते चोवीस तास तेच हुंगताहेत. मूत्राच्या अमोनियानं श्वासाचा जुनाट संसर्ग भडकतो. मायकोप्लाझ्मा नावाचा हा जंतू रॅटमध्ये सर्रास असतो आणि तो गर्भाशयापर्यंतही पोचतो, मग वेतं लहान होत जातात. नाकाडोळ्यांभोवती तांबडं दिसलं तर घाबरून ‘रक्त’ म्हणू नका, तो बहुधा डोळ्यामागच्या ग्रंथीचा रंगीत स्राव असतो. पण ती मादी ताणात किंवा आजारी आहे हे मात्र खरं. शिंका थांबेपर्यंत पांढरीला नराकडे पाठवू नका.

बदामीबद्दल मला एकच सांगायचंय: हिला ‘समस्या’ म्हणू नका. १२ सडांवर १३ पिल्लं वाढवली तिनं! पिल्लं अंगाला असताना पहिला आठवडा-दहा दिवस मादी चावरी होते. पिल्लांच्या चोखण्यानंच तो चावरेपणा टिकतो, आणि पिल्लं मोठी होतात तसा उतरतो. तुमचा हात तिला चोराचा वाटतो. हात घालूच नका. एक रुंद नळी किंवा मोठा मग टबात ठेवा, ती आत शिरली की उचलून बाजूला ठेवा, मग पाहणी करा. दूध तुटल्यावरही, पिल्लं नसतानाही ती अशीच चावत असेल, तर मात्र तो स्वभाव आहे आणि तो पुढे नेऊ नये. आधी ते बघा. माझा अंदाज, पिल्लांचं दूध तोडल्यावर ती तुमच्या खांद्यावर बसेल.

राखाडी चोर नाही, हावरी आई आहे. तिला सगळीच पिल्लं आपली वाटतात. पंचाईत होते ती दोन वेतं वेगवेगळ्या वयांची असतात तेव्हा. दहा दिवसांची दांडगी पिल्लं दोन दिवसांच्या पिल्लांना सडापर्यंत पोचू देत नाहीत, आणि ओढाताणीत लहानांना जखमा होतात. व्यायला आलेल्या दोघींना एका टबात ठेवू नका, की झालं.

आणि हिचा हा गुण वापरा. इथून पुढे दोन माद्या एकाच वेळी नराकडे ठेवत जा, त्यातली एक शक्यतो राखाडी. दोघी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं व्यायल्या, की कोणाला दूध कमी पडलं, कोणी घरटं सोडलं, कोणाला १५ झाली, तर पिल्लं हलवता येतात. रॅटमध्ये हे सोपं आहे. दाईला टबाबाहेर घ्या. परकी पिल्लं तिच्या घरट्यातल्या ओल्या कागदात हलकेच चोळा, तिच्या पिल्लांच्या मधोमध ठेवा, दहा-पंधरा मिनिटं एकत्र गरम होऊ द्या. सगळ्यांचा वास एक झाला की तिला परत सोडा. ती येते, हुंगते, चाटायला लागते. ड्रॉपरनं दूध पाजून नवजात पिल्लं जगवायचा नाद मात्र सोडा. दर दोन तासांनी पाजायचं, चाटण्याच्या जागी ओल्या कापसानं पुसून त्यांना मूत्र करवायचं, आणि एवढं करून बहुतेक जातातच. मी केलंय. पुन्हा करणार नाही.

काळडोकीच्या मुलींचा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर निव्वळ ‘रक्तात असतं’ असं नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मायकल मीनी आणि त्यांचे सहकारी यांनी रॅटच्या आया तासन्‌तास न्याहाळल्या. काही आया पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. खूप चाटणाऱ्यांच्या मुली पुढे स्वतः खूप चाटणाऱ्या होतात. मग त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे मुली जन्मदात्रीवर नव्हे, वाढवणाऱ्या आईवर गेल्या. तेव्हा काळडोकीच्या मुली ठेवायच्याच असतील, तर त्या पहिल्या दिवसापासून बदामीकडे वाढवा. पण यावरून फार उड्या मारू नका. तिथे चाटणं मोजलं होतं, पिल्लं खाणं नव्हे. पुढच्या पैदाशीच्या माद्या मी तरी बदामीसारखीच्याच दुसऱ्या-तिसऱ्या वेतातून निवडते. पहिल्या वेतावरून आईची पारख होत नाही.

संधी किती द्यायची, तर माझ्याकडे दोन वेतं. पाणी, खाणं, एकांत, वय सगळं नीट असताना दुसऱ्यांदाही तिनं दूध प्यालेली, पांढरा पट्टा असलेली पिल्लं खाल्ली, तर तिसऱ्याची वाट बघत नाही. हे ठरवायला कार्ड लागतं. प्रत्येक टबावर एक: नराकडे ठेवल्याची तारीख, व्यायल्याची तारीख, जन्मलेली किती, चौथ्या दिवशी किती, २१ व्या दिवशी तोडताना किती. चौथ्या दिवसाचा आकडा सगळ्यात बोलका. आईची चूक त्याच्या आत दिसते, आहाराची चूक त्याच्या नंतर. आणि पाचवा आठवडा भरायच्या आत नर पिल्लं वेगळी करायची, नाहीतर कार्डं लिहून उपयोग नाही, बहिणीच गाभण निघतात. वर्षाच्या आसपास वेतं लहान व्हायला लागली की मादीला निवृत्त करा, मग ती कितीही गुणी असो.

उरला शेवटचा प्रश्न. जिवंत मादी सापाला घालू नका. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढं असावं. तीनशे ग्रॅमची मादी कॉर्न स्नेकसाठी फारच मोठी, आणि बहुतेक बॉल पायथनसाठीही. शिवाय जिवंत प्रौढ रॅट सापाला चावतो, आणि भूक नसलेल्या सापाला रात्रभर कुरतडूही शकतो. मारूनच द्यायचं, आणि ते क्षणात, वेदना न होता. पद्धत पशुवैद्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून नको. तुम्ही पिंकी, म्हणजे अजून केस न आलेली नवजात पिल्लं, पण वापरत असाल, म्हणून एक सांगते: नवजात पिल्लं प्राणवायूशिवाय फार वेळ तग धरतात. मोठ्यांना काही मिनिटांत संपवणारा वायू त्यांना तेवढ्या वेळात मारत नाही, ती नुसती निपचित होतात. आणि जिवंत पिल्लू फ्रीझरमध्ये टाकायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

व्याताना कधी डॉक्टरकडे पळायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण चार माद्या आहेत म्हणजे कधीतरी वेळ येईल. वेत साधारण एक-दोन तासांत उरकतं. कळा देतेय आणि तीन-चार तासांत काही बाहेर आलं नाही, किंवा लाल रक्त वाहतंय, तर थांबू नका. इथे मात्र टॉर्च मारायला माझी हरकत नाही.

काळडोकीच्या दुसऱ्या वेताचे आकडे कळवा, चौथ्या दिवसाचा तर नक्कीच.